बुडिताच्या यादीतलं गाव



स्मृतिव्याख्यानाची पहिली पंधरा मिनिटं आठवणींना द्यायची, अशी आपल्याकडे रीत आहे. ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्यांना स्वतःची स्तुती ऐकण्याचा कंटाळा होता, हे समोर बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेव्हा थेट विषयावर येतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे आपण बोलता बोलता दोन भाग करतो, घाटावर आणि घाटाखाली. कलेक्टर कचेरी, भूसंपादनाची दफ्तरं, जिल्हा न्यायालय हे सगळं घाटावर, या थंड हवेच्या गावात. आणि ज्या जमिनीबद्दल या दफ्तरांत लिहिलं जातं ती जमीन घाटाखाली, पूर्णेच्या काठी, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांत. मी वकिलीची बरीच वर्षं वाढीव मोबदल्याच्या दाव्यांत घालवली. त्यामुळे घाट चढून येणाऱ्या माणसांना मी ओळखतो. पिशवीत सातबारा, आठ-अ, जुनी नोटीस, आणि त्या नोटिशीची झेरॉक्स मूळ कागद फाटेल म्हणून काढलेली. आज बोलायचंय ते या माणसांबद्दल. पण मोबदल्याबद्दल कमी बोलेन, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

पूर्णा सातपुड्यात उगम पावते, अमरावती-अकोल्यातून आपल्याकडे येते आणि पुढे चांगदेवाजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवरचा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा. जमीन काळी, भारी, बघत राहावी अशी. पण खाली पाणी खारं. विहीर खणली तरी तिचं पाणी पिकाला चालत नाही आणि माणसाला तर नाहीच. त्या तालुक्यांतल्या मूत्रपिंडाच्या आजारांविषयी आपण सगळे वर्षानुवर्षं वाचतो आहोत. जळगाव जामोद आणि संग्रामपूरसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आणावी लागली, ती याच कारणानं. अशा मुलखात नांदुरा तालुक्यात जिगावजवळ पूर्णेवर मोठं धरण व्हावं, घाटाखालच्या तालुक्यांना आणि अकोल्याच्या काही भागाला ओलित मिळावं, ही मागणी कुणी परक्यानं लादलेली नव्हती. ती या मातीतली मागणी होती. बुडणाऱ्या गावांतली माणसंसुद्धा तिच्या मोर्चांत चालली असतील, कारण खारं पाणी त्यांनीही प्यायलेलं आहे.

हे मी आधीच सांगून टाकतो, कारण विस्थापितांची बाजू मांडणारा माणूस उभा राहिला की श्रोत्यांच्या मनात लगेच एक कप्पा उघडतो: हा धरणविरोधी, हा विकासविरोधी. जिगावच्या बाबतीत हा कप्पा निरुपयोगी आहे. इथे तहानलेला आणि बुडणारा एकाच शिवारातले आहेत, कित्येकदा एकाच भावकीतले.

जिगाव प्रकल्पाला मान्यता मिळाली नव्वदच्या दशकात. तेव्हा किंमत होती चारशे कोटींच्या आत. आज हिशेब तेरा हजार कोटींच्या वर गेला आहे. पूर्णपणे बाधित गावं ३२ आणि अंशतः बाधित १५, म्हणजे एकूण ४७. किमतीच्या या दोन आकड्यांमध्ये जी जवळपास तीस वर्षं आहेत, तो माझा आजचा विषय.

गाव बुडिताच्या यादीत लागतं तेव्हा नेमकं काय होतं? पाणी येत नाही. पाणी फार लांब असतं. येतं ते मोजणीचं पथक, मग नोटीस, मग एक शांतता. पुढे कधीतरी ग्रामपंचायत शाळेच्या खोलीसाठी प्रस्ताव पाठवते. वरून उत्तर येतं, हे गाव पुनर्वसनात आहे, इथे कायमस्वरूपी बांधकामावर खर्च कशाला? रस्त्याचं तेच, समाजमंदिराचं तेच. घरकुलाच्या यादीत नाव लागतं, आणि बांधायचं कुठे हा प्रश्न पडतो. जुन्या गावठाणात बांधलं तर सरकारचा पैसा पाण्यात, नव्या गावठाणात बांधायचं तर प्लॉट अजून वाटलेले नाहीत. भिंतीला तडा गेला तर माणूस माती थापतो. विटा आणत नाही. बँकेचा माणूस सातबारा बघून कर्जाला नाही म्हणतो. सोयरीक जमवायला आलेले पाहुणे जेवताना सहज विचारतात, तुमचं गाव जाणार आहे म्हणे?

या सगळ्याला कायद्यात नाव नाही. कायदा दोन क्षणांपाशी जागा असतो: जमीन घेताना आणि घर हलवताना. त्या दोन क्षणांच्या मधला काळ त्याच्या हिशेबात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ११ सांगतं की प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीचा व्यवहार करू नये, तिच्यावर बोजा चढवू नये. आपल्या राज्याच्या पुनर्वसन कायद्यातही हस्तांतरणावर बंधनं आहेत. कारण समजण्यासारखं आहे. शहरातले दलाल आधी बातमी काढून गरिबाची जमीन स्वस्तात घेतील आणि मोबदला स्वतः लाटतील, हे टाळायचं आहे. पण दलालासाठी घातलेलं कुलूप शेतकऱ्याच्याच दाराला लागलं. मुलीच्या लग्नासाठी एकरभर विकता येत नाही, आजारपणाला गहाण टाकता येत नाही. वर्ष-दोन वर्षांसाठी हे बंधन असतं तर कुणी तक्रार केली नसती. कायद्याला दोन वर्षंच अपेक्षित आहेत: अधिसूचनेनंतर बारा महिन्यांत घोषणा, घोषणेनंतर बारा महिन्यांत निवाडा. कागदाला घड्याळ आहे. प्रकल्पाला नाही. निधी नाही म्हणून, सुधारित मान्यता नाही म्हणून, चौकशी लागली म्हणून काम थांबलं तर ते किती थांबावं याला मर्यादा नाही, आणि ते थांबलं की त्या गावाचं आयुष्य कोण चालवणार याचं उत्तर कुठल्याच कलमात नाही.

गंमत बघा. पैशाच्या विलंबाची किंमत कायद्यानं ठरवली आहे. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत जमिनीच्या बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के. रक्कम न देता ताबा घेतला तर पहिल्या वर्षी ९ टक्के व्याज, त्यानंतर १५ टक्के. इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्यातून हे सूत्र नव्या कायद्यातही आलं. रुपया थांबला तर त्याला व्याज. शाळेची खोली वीस वर्षं थांबली, तिला काही नाही. आम्हा वकिलांची कित्येक घरं या व्याजाच्या हिशेबावर उभी राहिली, हे मी या व्यासपीठावरून लपवत नाही. मात्र वीस वर्षांच्या थांबण्याबद्दल दाद मागावी असा दावा मला कधी लिहिता आला नाही, कारण तो लिहायला कलमच नाही.

मायकेल सेर्निया नावाचे रोमानियात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ १९७४ मध्ये जागतिक बँकेत गेले. अभियंते आणि अर्थतज्ज्ञांच्या त्या घरात समाजशास्त्रज्ञ हा तेव्हा नवाच प्राणी होता. त्यांच्या प्रयत्नांतून १९८० मध्ये बँकेनं विस्थापितांविषयीचं पहिलं धोरण स्वीकारलं. विस्थापनानं माणूस आठ प्रकारे गरीब होतो, अशी त्यांची मांडणी आहे. जमीन जाणं, काम जाणं, घर जाणं हे तीन प्रकार आपल्याला लगेच दिसतात. पुढचे कमी दिसतात: समाजातली पत उतरणं, खाण्याची ददात, आजार, सामाईक साधनं हातची जाणं आणि माणसामाणसांचं जाळं फाटणं. मला सेर्नियांच्या या यादीबद्दल आदर आहे. पण पूर्णेकाठी ती लावून पाहिली की एक गोष्ट खटकते. यातले चार-पाच प्रकार तर गाव हलण्याआधीच घडून गेलेले असतात. पत आधी उतरते. काम आधी जातं, कारण बुडणाऱ्या शेतात कुणी नवी विहीर, नवी फळबाग, नवा गोठा करत नाही, म्हणून मजुराला तिथे काम उरत नाही. तरुण आधीच खामगावला, अकोल्याला, पुण्याला जातात. अधिकारी जेव्हा घरांचं मूल्यांकन करायला येतात तेव्हा त्यांना पडकी, डागडुजी न झालेली घरं दिसतात आणि पडक्या घराची किंमत पडक्यासारखीच लागते. वीस वर्षांच्या वाट पाहण्यानं घराची झालेली पडझड मालकाच्याच खात्यात वजा होते.

आता माणसांच्या मोजणीबद्दल. घाटाखालच्या बुडीत गावांत एक शब्द घरोघर ऐकू येतो: वाढीव कुटुंब. सर्वेक्षण झालं त्या वर्षी जो मुलगा पाच वर्षांचा होता, तो आता पस्तिशीत आहे. त्याचं लग्न झालं, त्याला दोन लेकरं आहेत, तो वेगळा राहतो. यादीत मात्र कुटुंबप्रमुख त्याचा बाप, आणि बापाच्या नावावर प्लॉट एक. तिघे भाऊ असतील तर तीन चुली एका प्लॉटवर. गुरं कुठे बांधायची, कपाशी कुठे ठेवायची, उकिरडा कुठे करायचा, हे नव्या गावठाणाच्या नकाशात नसतं; नकाशात रस्ते काटकोनात असतात. शासन वेळोवेळी वाढीव कुटुंबांचा विचार करतं, आंदोलन झालं की अधिक करतं. पण ही मेहरबानी असल्यासारखी वागणूक का? २०१३ चा कायदा स्पष्ट सांगतो की सज्ञान व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, विवाहित असो वा नसो, वेगळं कुटुंब धरली जाईल. विधवा, घटस्फोटिता आणि टाकून दिलेल्या स्त्रिया वेगळं कुटुंब. हे वाचून दाखवलं की पुष्कळ गावांत पुरुषमंडळी माझ्याकडे संशयानं बघतात. बहिणीचा, वहिनीचा वेगळा प्लॉट ही कल्पना त्यांना सरकारइतकीच नकोशी असते, हेही सांगायला हवं.

त्याहून वाईट अवस्था ज्यांची यादीच होत नाही त्यांची. पूर्णेच्या पात्रात पाणी ओसरलं की डांगरवाड्या लागतात. टरबूज, काकडी, वाळूत. ही जमीन कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. भोई आणि कोळी समाजाची मासेमारी सातबाऱ्यावर नाही. सालदार ज्या शेतात राबतो ते शेत मालकाचं, मोबदला मालकाचा. सालदाराच्या हाती वर्षाचा हिशेब. ई-क्लास म्हणजे सरकारी जमिनीवर दोन पिढ्या कसणारा भूमिहीन, बहुधा दलित, सरकारदरबारी अतिक्रमणधारक. १८९४ चा कायदा यांना ओळखतच नव्हता. नवा कायदा ओळखतो. संपादनाआधी तीन वर्षं ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर होती ते शेतमजूर, वाटेकरी, कारागीर, आणि पाण्यावर जगणारे मच्छीमार, नावाडी, हे सगळे त्यात बाधित कुटुंब आहेत. प्रश्न पुराव्याचा आहे. तीन वर्षं टरबूज लावल्याचा दाखला कोण देणार? तलाठी म्हणतो माझ्या दफ्तरात नदीचं पीक नसतं. आणि तीन वर्षं मोजायची ती कुठल्या तारखेपासून, ज्या गावाचं काम तीस वर्षं चाललंय तिथे?

एकाच शिवारात दोन कायदे ही याच लांबणीची आणखी एक देणगी. १ जानेवारी २०१४ ला नवा कायदा लागू झाला. त्याच्या आधी ज्याचा निवाडा झाला त्याला जुन्या कायद्याची रक्कम, नंतर ज्याचा झाला त्याला कितीतरी अधिक. बांध एक, माती एक, पीक एक. ज्यानं पहिल्या नोटिशीला मान दिली, सहकार्य केलं, तो मागे राहिला. अडून बसलेला पुढे गेला. यातून गावांनी काय शिकावं? सरकारनंच शिकवलं की सहकार्य करू नये.

महाराष्ट्राला या विषयात अज्ञानाची सबब नाही. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्या लढ्यातूनच सेनापती झाले. पुढे कोयना झालं, आणि कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न साठ वर्षांनंतरही मोर्चे काढून मांडावे लागले. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर या मंडळींनी धरणग्रस्तांना संघटित केलं आणि 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा गावोगाव नेली. त्या रेट्यामुळे १९७६ मध्ये देशातला पहिला पुनर्वसन कायदा या राज्यानं केला. तो १९८६ मध्ये आणि मग १९९९ मध्ये नव्यानं लिहिला गेला. लाभक्षेत्रातल्या जमीनधारकानं बुडणाऱ्यासाठी आपल्यातली थोडी जमीन सोडायची, हे त्याचं तत्त्व. मला विचाराल तर स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रानं केलेल्या सर्वांत न्यायी कायद्यांपैकी हा एक. विदर्भात तो किती उतरला? जमिनीऐवजी रोख घ्या, सरळ खरेदीची संमती द्या, हाच रस्ता प्रशासनाला सोपा वाटला आणि खरं सांगायचं तर लोकांनाही. धरण रेंगाळलेलं असताना लाभक्षेत्रातली जमीन कोण घेणार, जिथे लाभच पोचलेला नाही?

विदर्भातच गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा किंमत ३७२ कोटी. भंडारा-नागपूर-चंद्रपूरच्या शेतकऱ्यांनी पंचवीस वर्षं आंदोलनं केल्यावर २०१३ मध्ये बाधितांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज आलं. म्हणजे धरणाच्या मूळ किमतीच्या तिप्पट रक्कम एका चुकीच्या दुरुस्तीला. आधी नीट केलं असतं तर काय लागलं असतं, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. लेखापरीक्षक धरणाच्या काँक्रीटचा मांडतात, याचा मांडत नाहीत.

कुणी म्हणेल, सरकारी काम आहे, वेळ लागतोच. मी मान्य करत नाही. घाटावर चला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या आपल्याच चार तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, दहा जिल्हे. २०१५ मध्ये घोषणा, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी वाहतूक सुरू, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला. दहा वर्षं. ग्रामीण भागात संमतीनं सरळ खरेदी देणाऱ्याला मूल्याच्या पाचपट. तिथेही सालदाराला आणि वाटेकऱ्याला काही मिळालं नाही, तिथेही आलेला पैसा दोन-तीन वर्षांत गाड्यांत आणि लग्नांत विरला, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. पण एक गोष्ट सिद्ध झाली: मनात आणलं तर हे राज्य पैसा वेळेवर देऊ शकतं, मोजणी वेळेवर करू शकतं, अधिकाऱ्यांना गावात बसवू शकतं. घाटावर जे दहा वर्षांत जमलं ते घाटाखाली तीस वर्षांत जमलं नाही, याला तांत्रिक कारणं दाखवली जातील. मुख्य कारण मला एकच दिसतं. रस्त्याला अखंड जमीन लागते. एक शेतकरी अडला तर सगळा रस्ता अडतो. धरणाची भिंत मात्र नदीवर बांधत राहता येते, ठेकेदाराची बिलं निघत राहतात आणि गावं मागे पडली तरी काम 'प्रगतिपथावर' दिसतं. पुनर्वसन मागे राहिल्यानं कुणाचंच बिल अडत नाही.

भेंडवळची घटमांडणी आपल्याच जळगाव जामोद तालुक्यातली. अक्षय्य तृतीयेच्या मांडणीवरून पाऊस, पीक, राजा यांचं भाकीत करतात. जिगावचं पाणी कधी अडणार हे मात्र घटालाही कुणी विचारत नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, याची जाणीव मला आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला, स्वातंत्र्यदिनी, जळगाव जामोद तालुक्यातल्या आडोळ खुर्द गावाच्या पुनर्वसनासाठी जलसमाधी आंदोलन झालं आणि पूर्णेत उडी घेतलेला एक ग्रामस्थ वाहून गेला. अशा घटनेनंतर मंत्री येतात, बैठक लागते, मुदत दिली जाते. मी त्या घटनेवर भाष्य करणार नाही. इतकंच म्हणतो की ज्या देशात कायदा सांगतो की सिंचन प्रकल्पात पाणी चढण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालंच पाहिजे, तिथे पुनर्वसन मागायला माणसाला नदीत उतरावं लागलं. आणि पाणी अजून चढलंही नव्हतं. चढला होता तो पावसाळ्याचा पूर.

सहा महिन्यांची ही तरतूद २०१३ च्या कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या गावठाणासाठी पंचवीस सुविधा आहेत. आपल्याकडे अजून '१८ नागरी सुविधा' हेच तोंडी बसलेलं आहे. रस्ते, गटार, पिण्याचं पाणी, शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, गुरांचं पाणी. कागदावर मागायला काही उरलेलं नाही. पण सुविधा पूर्ण झाल्याचा दाखला देतं कोण? जी यंत्रणा बांधते तीच. हस्तांतरणाच्या दिवशी नळाला पाणी असतं. ग्रामपंचायतीच्या ताब्यात गेल्यावर मोटार जळते, वीजबिल थकतं, आणि मग तो 'गावाचा अंतर्गत प्रश्न' होतो. काळ्या चिकणमातीवर नवी घरं बांधली की दोन उन्हाळ्यांत भिंतींना भेगा पडतात. ज्यानं जागा निवडली तो तोवर बदलून गेलेला असतो. शिवाय घर नव्या गावठाणात आणि शेत जुन्या शिवारात, कारण शेत अजून बुडालेलं नाही. मग म्हातारी माणसं जुन्या घरी राखणीला, तरणी नव्या घरी, आणि सरकारी अहवालात लिहिलं जातं: लाभार्थी स्थलांतरास प्रतिसाद देत नाहीत.

नोकरीचंही एक गाजर आहे. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण. दाखला कुटुंबामागे एक. कोणत्या भावाच्या नावावर काढायचा यावरून भावांची बोलणी बंद झालेली घरं मी पाहिली आहेत. आणि जागा किती निघतात हे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या कुणालाही विचारा.

जगात पाहिलं तर आपण एकटे नाही. जागतिक धरण आयोगानं २००० च्या अहवालात मोठ्या धरणांनी विस्थापित झालेल्यांचा अंदाज चार ते आठ कोटी दिला. मेधा पाटकर त्या आयोगाच्या सदस्य होत्या. भारतातल्या सर्व प्रकारच्या प्रकल्पांनी १९४७ ते २००४ या काळात बाधित झालेल्यांचा वॉल्टर फर्नांडिस यांचा अंदाज सहा कोटींचा आहे. अंदाज, कारण मोजणी कुणी केलीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये अंतर्गत विस्थापितांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मांडली. मोठ्या विकासप्रकल्पासाठी माणसं हलवायची तर तसं अटळ लोकहिताचं कारण पाहिजे, नाहीतर ते मनमानी विस्थापन, असं त्यात म्हटलं आहे. जिगावला लोकहिताचं कारण आहे, ते मी सुरुवातीलाच मान्य केलं. पण कारण खरं असलं म्हणून विलंब माफ होत नाही. उलट, पाणी जितकं गरजेचं, तितकं त्यासाठी बुडणाऱ्या गावांचं ऋण मोठं.

घाटावर देऊळगाव मही इथे खडकपूर्णा प्रकल्प आहे. त्याच्या जलाशयाचं नाव संत चोखासागर. मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव त्याच तालुक्यात. परंपरा सांगते की चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबताना भिंत कोसळून गेले. वेठीच्या बांधकामाखाली गेलेल्या माणसाचं नाव धरणाला देताना आपल्याला काही वेगळं वाटलं नाही. मला वाटतं ते नाव योग्यच आहे. फक्त त्या नावाखाली काम करणाऱ्या प्रत्येक खात्यानं ते कसे गेले हे एकदा वाचावं.

पुढचं संकट आता दारात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दपासून निघणारा ४२६ किलोमीटरचा कालवा, सहा जिल्हे, मूळ खर्च ८७ हजार कोटींच्या वर, आणि शेवट आपल्या मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणात. विदर्भाला पाणी हवंच आहे, मी पुन्हा सांगतो. पण जिगावच्या तीस वर्षांतून आपण काही शिकलो नसू तर हा प्रकल्प जिगावची चूक सहा जिल्ह्यांत पसरवील.

काय शिकायचं ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. यादीत लागलेल्या गावाला नवं गावठाण प्रत्यक्ष राहण्याजोगं होईपर्यंत कुठल्याही योजनेतून वगळता कामा नये. शाळेची खोली बांधा. दहा वर्षांनी बुडाली तर बुडू दे, दहा वर्षं मुलं तर शिकतील. कुटुंबांची यादी दर पाच वर्षांनी ताजी व्हावी, आणि प्लॉटवाटपाच्या दिवशीची यादी खरी धरावी. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर जमिनीवरची बंधनं आपोआप उठावीत, आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनासकट, थांबण्याचा भत्ता मिळावा. ही रक्कम प्रकल्पाच्या खर्चातून जाऊ द्या, म्हणजे विलंबाची किंमत अभियंत्याच्या ताळेबंदात दिसेल. आणि भिंतीचं बिल पुनर्वसनाच्या टप्प्याला बांधून टाका. जितकी गावं वसली तितकी भिंत वर. हे झालं तर बाकीचं पुनर्वसन खात्याला कुणी शिकवावं लागणार नाही. ठेकेदारच ते करवून घेतील.

यातलं बरंचसं कायदा बदलल्याशिवाय होणार नाही, आणि कायदा बदलायला मुंबईला जावं लागतं. एक काम मात्र मुंबईशिवाय होतं. या सभागृहात घाटाखालच्या गावांतले शिक्षक आहेत, सरपंच आहेत, बार रूममधले माझे तरुण मित्र आहेत. त्यांना विनंती आहे. सरकारी सर्वेक्षणाची वाट पाहू नका. गावातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव, विधवांची नावं, डांगरवाडी लावणाऱ्यांची, मासे धरणाऱ्यांची, ई-क्लास कसणाऱ्यांची, सालदारांची नावं वहीत उतरवा. किती वर्षांपासून, हेही लिहा. घरांचे फोटो आजच्या तारखेनं काढून ठेवा. ती यादी येत्या ग्रामसभेत वाचा, ठराव घ्या, कलेक्टर कचेरीत द्या. ठरावाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय घाट उतरू नका.